कुंकवाखालचं श्रुतलेखन

मी एक सीडी. बोलतेय असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. खरं तर मला स्वतःहून बोलता येत नाही. कुणीतरी मला यंत्रात घालून फिरवावं लागतं, खालून उजेडाचं बारीक टोक लावावं लागतं, तेव्हा आतलं बाहेर येतं. तेही माझं नसतं. माझ्यात एका बाईचा आवाज आहे. अठरा वर्षं तो माझ्यात कोंडलेला आहे आणि मी एका खाकी पाकिटात. दोघींनाही आतून कडी काढता येत नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा पन्नास जणींच्या चळतीत होते, मधल्या भोकातून एका दांडीत ओवलेली. ती चळत बाभुळगावच्या बसस्टँडजवळ देवसिंगच्या फोटो स्टुडिओत आली. माझ्या वरच्या बहुतेकींवर लग्नं उतरली. लग्नं जुनी झाली तशा त्या ज्वारीच्या वावरात दोरीला लटकल्या, पाखरं हाकायला. एक जण ऑटोच्या मागच्या काचेवर चिकटून पांढरकवड्यापर्यंत फिरायची म्हणे. माझ्या वाट्याला श्रुतलेखन आलं.

पोळ्याच्या आठवड्यात कुंदा मॅडम स्टुडिओत आल्या. जवळच्या गावी चौथीला शिकवायच्या. सातवा महिना सरत आलेला, लवकरच रजा लागणार होती आणि बदली शिक्षक मिळायची आशा नव्हती. पोरांचं श्रुतलेखन बुडू नये म्हणून त्यांनी सहा उतारे लिहून आणले होते. देवसिंगनं त्यांना खुर्ची दिली, माइक समोर धरला, पंखा मात्र बंद करू दिला नाही त्यांनी. जीव कासावीस होतो म्हणाल्या. तो पंखा दर फेऱ्याला टक् असा वाजायचा.

एकेक वाक्य सांगून त्या थांबत. मनातल्या मनात पोरांच्या पेन्सिली चालताना बघत, मग पुढचं सांगत. सगळं झाल्यावर देवसिंगनं ऐकून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मधात मधात लय गॅप राह्यला. काढून टाकू काय?"

"काढू नका भाऊ," त्या म्हणाल्या. "तेव्हा पोरं लिहीत असतात."

तेव्हापासून माझ्यात जेवढे शब्द आहेत, तेवढंच थांबणंही आहे.

शाळेत एक सीडी प्लेयर होता. शेजारच्या वर्गाचे सर येऊन मला लावून जात. "झालं का?" असं मी मॅडमच्या आवाजात विचारलं की तीस पोरं "हो मॅडम" म्हणत. आयुष्यात मला कुणी मॅडम म्हटलं ते तेवढंच. रजा संपली, मॅडम परत आल्या आणि माझं काम संपलं. घरी, पाटी-पुस्तकांच्या कप्प्यात, मी पाकिटात गेले.

वर्षातून एकदा मात्र बाहेर यायचे. दसऱ्याला कुंदा पाटीपूजन मांडायची. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, शेजारी खडू, पुस्तक, आणि मी. शिकवायच्या वस्तूंत माझी गणती होती. हळद-कुंकू मात्र ती माझ्या चकचकीत बाजूवर वाहायची. आरशासारखी ती बाजू म्हणजेच माझा चेहरा, असं तिला वाटे. ज्या बाजूवर देवसिंगनं मार्करनं नाव लिहिलं होतं, ती पाठ. खरं उलटं आहे. नाव लिहिलेली बाजू हाच चेहरा, नुसता बघायचा. वाचणारा उजेड चकचकीत बाजूनं आत शिरतो. पण हे तिला सांगणार कोण? दरवर्षीची चिमूट कोरडी असायची, पाकिटात घालताना झटकली जायची.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला ती पलंगावर बसून होती. आजार पुढे गेला होता. नवरा वामन आणि मुलगी शाल्मली यांनी पूजेचा पाट तिच्यासमोर आणून ठेवला. तिनं अनामिका पाण्यात बुडवली, कुंकवात टेकवली आणि माझ्यावर ठेवली. हात कापत होता, म्हणून बोट दाबून धरलं. ते कुंकू वाळलं. त्यात तिच्या बोटाच्या रेषा उमटल्या. पौषात ती गेली.

आता वामनविषयी सांगायला हवं. तो तहसीलच्या नक्कल विभागात कारकून. जुन्या फेरफारांच्या, दाखल्यांच्या खऱ्या नकला करून द्यायच्या, हे त्याचं पंचवीस वर्षांचं काम. नक्कल झाली की रुजवात घ्यायची, म्हणजे एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं. मूळ कागद उंदरानं कुरतडला असेल तर नकलेत तेवढी जागा नुसती मोकळी सोडायची नाही. तिथं कंसात लिहायचं, 'मूळ फाटलेले'. नवीन आलेल्या माणसाला तो सांगे की चुकीचा शब्द कधीतरी पकडला जातो, मोकळी जागा कोणी पकडत नाही.

कुंदा गेल्यावर दीड वर्ष त्यानं तो कप्पा उघडला नाही. मग शाल्मलीचा अमरावतीला प्रवेश झाला. सामान भरताना तिनं मला काढलं आणि म्हणाली, "बाबा, आई म्हणायची या सीडीत मी पण आहे. मले जायच्या आधी ऐकायची आहे."

वामनला आठवलं. त्या दिवशी स्टुडिओतून आल्यावर कुंदा हसत म्हणाली होती की तुमच्या लेकरानं आज रेकॉर्डिंगमध्ये गडबड केली. काय केलं, ते त्यानं विचारलंच नव्हतं. कुंदाचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोन बदलले, तसे त्यांतले निरोपही गेले होते.

घरात मला फिरवणारं काही उरलं नव्हतं. बापलेक देवसिंगकडे आले. त्याच्याकडे आता ड्रोन आहे, फ्लेक्सचं मशीन आहे; माझ्यासारखींसाठी कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, त्यावर टॉवेल. ट्रे बाहेर आला, मी आत गेले, अंधार झाला. मी आतून बाहेरच्या दिशेनं वाचली जाते. चार उतारे सरळ गेले. पाचव्यात उजेडाचं टोक कुंकवाला अडलं. पडद्यावर चौकट आली: हा भाग वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न, सोडून पुढे, थांबवा.

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. देवसिंगनं 'सोडून पुढे' दाबलं आणि खालच्या चौकोनात खूण केली, म्हणजे दरवेळी विचारायला नको. मग यंत्र अडलं की न विचारता लांब उडी मारून पुढे जाऊ लागलं. जी जागा ओलांडली तिथं नकलेत तेवढा वेळ नुसती शांतता पडली. शेवटी 'नक्कल पूर्ण' असं आलं. मी आत ओरडत होते म्हणावं, तर माझ्याकडे आवाज एकच, आणि तो नेमका तिथंच दबला होता.

घरी शाल्मलीनं पेन ड्राइव्ह लावला. सहा उतारे झाले.  मग ती म्हणाली, "मी तर कुठंच नाही यात."

वामन म्हणाला, आई गमतीनं म्हणाली असेल. पण त्याला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यानं वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि शाल्मलीला सांगितलं की पुन्हा लाव, आपण रुजवात घेऊ. मूळ वाचायला तर घरात यंत्र नव्हतं. मग तो स्वतःच चौथीतला मुलगा झाला आणि कुंदा सांगेल तसं लिहू लागला.

पाचवा उतारा टिटवीचा. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. ती उघड्या माळावर अंडी घालते. माणूस जवळ आला की ती ओरडत दुसरीकडे जाते. वामननं लिहिलं. लिहून झालं. पूर्णविराम दिला. पेन्सिल उचलून बसला. कुंदा बोलेना. आधीच्या चारही उताऱ्यांत त्याची पेन्सिल उचलायला आणि तिचं पुढचं वाक्य यायला एकच गाठ पडत होती. पोराचा हात किती वेळ चालतो ते तिला बरोबर माहीत होतं. इथं मात्र तो वाट पाहत राहिला. मग एकदम: म्हणून माणसाला वाटतं, अंडी तिकडेच आहेत.

अर्थ तर बरोबर जुळत होता. ज्याला लिहायचं नाही त्याला शंकाही आली नसती.

"परत लाव," तो म्हणाला.

या वेळी शाल्मलीनं कानात इअरफोन घातले. त्या जागी येताच तिनं बापाचा हात धरला. "बाबा, पंखा बंद झाला. आई थांबते तेव्हा मागं पंखा वाजत असतो. इथं पंखाच नाही."

ते थांबणं कुंदाचं नव्हतं.

सोमवारी साहेबाकडून अर्धी रजा घेऊन वामन मला घेऊन देवसिंगकडे गेला. देवसिंगनं लपवलं नाही. चौकट आली होती, मी पुढे ढकललं, असं म्हणाला. "मले वाटलं सगळ्याच सीड्या आता अशाच खरखर करतात. गलती झाली." मग त्यानं मला उजेडात उलटी धरली, लाल डाग दिसला, आणि शर्टाचा काठ ओढून ताटली पुसतात तसा गोल पुसायला निघाला. वामननं त्याचं मनगट पकडलं.

"पुसू नका."

"भाऊ, कुंकू होय ते. निघते."

"तिनंच लावलं," वामन म्हणाला. "शेवटच्या दसऱ्याला."

देवसिंगनं मला दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवलं. थोड्या वेळानं त्यानं समजावून सांगितलं की पुसायचंच झालं तर ओल्या मऊ कापसानं, मधून काठाकडे सरळ. गोल पुसलं तर ओरखडा अक्षरांच्या रेषेवरच पडतो आणि मग काहीच वाचता येत नाही. "आणि एक सांगतो. हा ड्राइव्ह आता खोकून राह्यला. महिनाभर चालन का नाही, मले भरवसा नाही."

पुढचे आठ दिवस मी टेबलावर होते. वामन कचेरीतून आला की पाकीट उघडायचा, माझ्याकडे बघायचा, बंद करायचा. तिच्या साड्या वाटून झाल्या होत्या. चष्मा होता, पण चष्म्याला बोट नसतं. इथं अनामिकेच्या रेषा होत्या, मोजता आल्या असत्या. त्या ठेवाव्यात तर तिचा आवाज आत राहतो. आवाज काढावा तर त्या जातात. मला दोन्ही ठाऊक होतं, वरचंही आणि खालचंही. दोन्ही मीच धरून होते आणि सोडणं माझ्या हातात नव्हतं.

शाल्मलीनं आठ दिवस विषय काढला नाही. बॅगेची चेन लावता लावता एकदाच विचारलं, "बाबा, तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये मूळ कागद कायले जपतात?"

"नक्कल देता यावी म्हणून," वामन म्हणाला.

ती चेन लावून आत गेली.

त्या संध्याकाळी त्यानं कोरा कागद थोडा ओलसर केला आणि अंगठ्याचा ठसा घेतात तसा कुंकवावर दाबला. कागदावर लाल फराटा आला. दोनतीन रेषा उमटल्या, बाकी पसरलं. त्यानं खाली कचेरीच्या अक्षरात लिहिलं: 'येथे कुंदाच्या बोटाचा ठसा होता. नक्कल होऊ शकली नाही.' तारीख घातली, सही केली. मग कापूस भिजवला आणि मला पुसलं, मधून काठाकडे, सरळ. 

देवसिंगनं या वेळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. ड्राइव्हचा वेग कमी केला. पाचव्या उताऱ्यात चौकट आली तेव्हा 'पुन्हा प्रयत्न' दाबलं. पुन्हा आली, पुन्हा दाबलं. अकरा वेळा. माझ्यावरून उजेड हळूहळू गेला आणि मग पंखा वाजला. टक्. टक्.

"लिहिलं का? राहिलं असेल त्यांनी घाबरू नका," कुंदा म्हणाली. "घाई नाही. मी थांबते." पंखा वाजत राहिला. मग माइकपासून जरा दूर, हसू दाबत: "लाथा नको मारू... आई शिकवून राह्यली."

शाल्मलीनं तोंडावर ओढणी धरली. वामन भिंतीकडे बघत होता. देवसिंगनं मान खाली घातली.

त्या वाक्याच्या मध्ये एक शब्द गेला आहे. कुंकवाचा रंग तिथं दोन वर्षं मुरला होता. अकरा वेळा प्रयत्न करूनही तेवढी जागा वाचता आली नाही. पोटातल्या लेकराला ती काय म्हणाली, तो शब्द. शाल्मलीनं बापाला विचारलं, पोटात असताना आई तिला काय म्हणून हाक मारायची, ते कधी ऐकलं होतं का. त्याला आठवलं नाही. बाराव्या प्रयत्नाला ड्राइव्ह जो बंद पडला तो पडलाच. मला पिन घालून बाहेर काढावं लागलं.

आता मी पुन्हा पाकिटात आहे. सोबत तो लाल फराट्याचा कागद आणि वामनची वही. वहीत त्यानं पाचवा उतारा पूर्ण उतरवला आहे, आणि त्या जागी मोकळं न सोडता कंसात लिहिलं आहे: 'एक शब्द वाचता आला नाही.' शाल्मली अमरावतीला आहे. तिच्या फोनमध्ये नक्कल आहे.

तो शब्द मला माहीत आहे. तो तुम्हाला सांगायचा नाही. ज्या लेकरासाठी होता, त्यानंच तो ऐकायचा. कुठेतरी त्या ड्राइव्हहून धीराचं एखादं यंत्र असेल, ते तेवढी जागा वाचेल. तोवर मला वावरात टांगू नका, ऊन लागलं की माझ्यातली अक्षरं उडतात. पाकिटावर नाव लिहिलेलं आहे. कप्पा कोरडा आहे. मी आहे इथंच.