कागद वाळेपर्यंत

सुरुची संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला जायची होती, आणि उल्काताईंनी सकाळी उठल्या उठल्या कागद करायला केळीची सोपटं शिजत घातली. केळीच्या खांबाचे ते पापुद्रे त्यांनी आदल्या दिवशीच बारीक कापून ठेवले होते. मुलाला, सलिलला, जाऊन वर्ष झालं होतं. सुनेला, अपूर्वाला, माहेरच्या गावी नोकरी लागली होती. नात सुरुची आता तिकडच्या शाळेत जाणार होती.

स्वयंपाकघरात त्यांनी खडूनं रेघ ओढली. पातेल्यात धुण्याचा सोडा उकळत होता, म्हणून रेघेच्या आत फक्त आजी, तीही हातमोजे घालून. सलिलच्या लहानपणीही अशीच रेघ असायची, आणि तो मुद्दाम तिच्यावर पायाचा अंगठा टेकवून उभा राहायचा. सुरुचीही तश्शीच उभी राहिली.

बुळबुळ जाईपर्यंत सोपटं धुतली, मिक्सरमध्ये वाटली, लगदा टबातल्या पाण्यात कालवला. पुढचं काम सुरुचीचं. तिनं जाळीची चौकट बुडवून अलगद उचलली, पाणी निथळू दिलं आणि ओला ताव सलिलच्या जुन्या खादीच्या सदऱ्यावर पालथा घातला.

"आता?"

"आता वाळू द्यायचा. दोन दिवस तरी. ओला उचललास तर फाटेल."

अपूर्वा बॅगेची चेन ओढता ओढता थांबली. "आई, दोन दिवस कुठले? गाडी आज संध्याकाळची आहे." मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला कागद शाळेत न्यायची घाई असली की तुम्ही इस्त्रीनं वाळवायचात. सलिलनं सांगितलंय मला."

ही युक्ती आपल्याशिवाय एकालाच ठाऊक होती, असं उल्काताई धरून चालल्या होत्या.

"राहिले असते, आई," अपूर्वा म्हणाली. "पण मग मला निघताच येणार नाही."

उल्काताईंनी इस्त्री लावली. सुरुचीला पुन्हा रेघेमागे उभं केलं, सदऱ्याची दुसरी बाजू तावावर दुमडली आणि हलक्या हातानं इस्त्री फिरवत राहिल्या. एवढं सावकाश त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. तरी ताव वाळलाच.

"आजी, बाबांच्या सदऱ्याची वीण उठलीय बघ यावर," सुरुची म्हणाली, आणि कागद वहीत जपून घालून निघून गेली.

सदऱ्याच्या पाठीवर तावाएवढा चौकोन अजून ओलसर होता. उल्काताईंनी सदरा दोरीवर टाकला नाही. पंखाही बंद केला. तरी दिवेलागणीपर्यंत तो वाळून गेला.