शोभेच्या दारूचे चार परवाने

बाइंडरबाईचा छंद नणंदेला कळला तो एका गैरसमजातून. नणंद विमा कचेरीत कामाला. भावाच्या घराची आणि दुकानाची पॉलिसी नव्याने करायची म्हणून ती फीत घेऊन एकेक खोली मोजत होती. तळमजल्यावर वहिनीचं पुस्तकबांधणीचं दुकान, पहिल्या मजल्यावर घर, त्याच्यावर आणखी दोन मजले भाडेकरूंचे. दुकानामागच्या खोलीत एका लाकडी कपाटावर वहिनीच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती : 'दारू. कोरडी ठेवणे. हात लावू नये.'

नणंद तडक वर गेली. भाऊ जेवत होता.

"दादा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पिणं. आणि तेही वहिनींच्या दुकानात लपवून."

भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, आणि खोकल्याच्या औषधानेसुद्धा त्याला गरगरायचं. त्याचा घास हातातच राहिला. मागोमाग बाइंडरबाई जिना चढून आली. तिने हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, "वन्सं, ती प्यायची दारू नाही. उडवायची आहे."

नणंदेने एक श्वास सोडला, मग अर्थ ध्यानात आल्यावर दुसरा घेतलाच नाही. "किती आहे?"

"साडेतीन किलो. शिवाय अकरा तयार गोळे."

नणंद खाली उतरली, दुकान ओलांडून बाहेर पडली आणि रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर जाऊन उभी राहिली. पुढचं बोलणं तिने तिथूनच, फोनवर केलं.

हे सगळं सुरू झालं होतं आठ वर्षांपूर्वी. एक म्हातारे कारागीर आपली आतषबाजीची वही बांधायला घेऊन आले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. वहीची पानं लावता लावता बाइंडरबाईच्या लक्षात आलं की आकाशात फुटणारा गोळा म्हणजे निम्म्याहून जास्त कागद आणि खळ. कागदाचे थर जितके एकसारखे, तितकं वर फुलणारं फूल गोल. हे तर तिच्याच हातचं काम! तिने विचारलं, "मी येऊ का बघायला?" उस्तादांनी पाच वर्षं दर रविवारी तिला आपल्या परवान्याच्या कारखान्यात शिकवलं. मग त्यांची नजर अधू झाली, कारखाना बंद झाला, ते मुलीकडे राहायला गेले. बाइंडरबाईचे हात मात्र थांबायला तयार नव्हते. ते तिच्या मागच्या खोलीत चालू राहिले. ती काळजी घ्यायची. लाकडी हत्यारं, सुती कपडे, विजेचं एकही बटण नाही. आजवर साधा चटकाही बसला नव्हता, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"वहिनी," नणंद फोनवर म्हणाली, "काही झालं तर कंपनी हात वर करेल, ते सोडा. पण तुमच्या डोक्यावर चार बिऱ्हाडं राहतात. त्यांना विचारलंत कधी?"

स्वतःच्या हातांवर बाइंडरबाईचा एवढा भरवसा होता की भिंतीपलीकडे माणसं आहेत हे तिने मनावरच घेतलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी तिला दारातून हाक मारायच्या. आत्ता या क्षणीही त्या डोक्यावरच वावरत असतील.

नवरा म्हणाला, "गुपचूप नेऊन तळ्यात बुडवू. कुणाला कळायचं नाही."

"कशातून नेणार? बसमधून? मांडीवर घेऊन?" तिने फोन उचलला. "मी काही चोरलेलं नाही. चूक केली आहे, ती सांगून मोकळी होते."

तिने स्फोटक विभागाच्या कचेरीत स्वतःच फोन लावला. नाव, पत्ता, वजन, गोळ्यांची संख्या, सगळं न अडखळता सांगितलं.

तासाभरात निरीक्षक आले. सडपातळ माणूस, आवाज कधी चढत नसावा असा. त्यांनी पहिल्यांदा इमारत रिकामी करवली. चारही बिऱ्हाडं दोन तास रस्त्यावर उभी होती. कुणी घरातल्या चपलांवर, कुणी ओल्या केसांनी. बाइंडरबाई त्यांच्यासमोर गेली आणि एकेकाला सांगत राहिली, "माझ्यामुळे झालं. पुन्हा होणार नाही." कुणी मान हलवली, कुणी तोंड फिरवलं. वरच्या मजल्यावरच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या, ते तिला सर्वांत जास्त लागलं.

आत निरीक्षकांनी एक गोळा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवला. "हे कागद कुणी चिकटवले?"

"मी."

"कडा कुठे संपते ते दिसत नाही."

"दिसली तर काम वाया गेलं."

त्यांनी तो अलगद पेटीत ठेवला. "उत्तम काम आहे. सगळं नष्ट करणार आहोत. इथे सही करा."

तिने सही केली. स्वतःहून कळवलं म्हणून लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटलं. पुन्हा सापडलात तर थेट न्यायालय, असं त्यांनी बजावलं. पेट्या गाडीत चढल्या तेव्हा नवऱ्याने तिचा खांदा धरला. तिला रडू येईल अशी त्याची समजूत होती. ती गाडीच्या दारापाशी जाऊन म्हणाली, "साहेब, हे कायदेशीरपणे करायचं तर काय करावं लागेल?"

"चार परवाने. बनवायचा एक, साठवायचा दुसरा, वाहून न्यायचा तिसरा, उडवायचा चौथा. हौसेसाठी एवढं कुणी करत नाही. बहुतेक लोक पहिल्याच अर्जावर थांबतात."

"मग मला चारही अर्ज द्या," ती म्हणाली.

अर्ज हाती आले आणि घरात उलटंच घडलं. ज्या नणंदेने कपाट बंद पाडलं होतं, तिनेच ते कागद ओढून घेतले. बारीक अक्षरातलं वाचणं हा तिचा रोजचा धंदा. दोन दिवसांनी ती टाचणाचं पान घेऊन आली. "वहिनी, यात एक सोय आहे. जिथे बनवायचं तिथेच उडवलं आणि उरलंसुरलं त्याच दिवशी नष्ट केलं, तर न्यायचाही प्रश्न नाही आणि साठवायचाही नाही. चारातले दोन गळाले."

"तुम्ही माझ्या बाजूने कधीपासून?"

"मी पॉलिसीच्या बाजूने आहे," नणंद म्हणाली; पण तिला हसू आवरलं नाही.

जागा शोधण्यात चार महिने गेले. घरं, रस्ता, विजेच्या तारा, सगळ्यांपासून ठरावीक अंतर हवं. शेवटी गावाबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण मिळाली. मालकाने वापराची संमती लिहून दिली. अडचण एकच होती. खाणीच्या टेकाडापलीकडे एका बाईचा घोडे शिकवण्याचा तबेला होता, आणि शेजाऱ्यांची हरकत नाही असं पत्र अर्जाला जोडावं लागणार होतं.

घोडेवाली बाई उंच, राकट, गुडघ्यापर्यंत बूट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझे नऊ घोडे आहेत. दरवाजा आपटला तरी दोघं बिथरतात. माझं पत्र विसरा."

बाइंडरबाईने हुज्जत घातली नाही. "त्यांना त्रास कशाचा होतो? उजेडाचा की आवाजाचा?"

"आवाजाचा."

"मग आवाज काढून टाकते."

घोडेवालीला ती थट्टा वाटली. पण बाइंडरबाईने घरी येऊन कागदावर गोळे नव्याने आखायला घेतले. धमाका हा तिला कधीच फारसा आवडला नव्हता. तो लोकांसाठी असायचा. कवच पातळ, आतली दारू कमी, तारे म्हणजे रंगीत जळणाऱ्या गोळ्या जास्त, म्हणजे वर जाऊन गोळा फुटण्याऐवजी उलगडेल. तिने उस्तादांना फोन करून एकेक आकडा पडताळून घेतला. ते पलीकडून ओरडले, "आवाज नको? मग लोक वर कशाला बघतील?" आणि जरा थांबून म्हणाले, "करून बघ. मलाही सांग." घोडेवालीने शेवटी एका संध्याकाळपुरतं पत्र दिलं, तेही तिच्या अटींवर. आठवडाभर आधी कळवायचं, घोडे आत बांधून रेडिओ लावेपर्यंत सुरू करायचं नाही, आणि आठच्या आत संपवायचं.

नवऱ्याने खाणीत लाकडी खोपटं बांधलं. ठिणगी उडू नये म्हणून एकही लोखंडी खिळा नाही, सगळे पितळी स्क्रू. निरीक्षक आले, फीत लावली आणि म्हणाले, "तारांपासून चार मीटर कमी पडतात. अर्ज नामंजूर."

"चार मीटरने काय होतंय साहेब?" नवरा कळवळून म्हणाला.

"आज काहीच होणार नाही. पण आज मी चारवर सही केली, तर पुढचा अर्जदार दहा मागेल."

नणंदेचा चेहरा उतरला. अंतर तिने मोजलं होतं, खोपट्याच्या भिंतीपासून. नियमात ते खोपट्यासमोरच्या फळ्यांच्या ओट्याच्या कडेपासून होतं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या," ती पुटपुटली, "आणि आता हे."

"वन्सं, खोपटं पितळी स्क्रूंचं आहे, दगडविटांचं नाही," बाइंडरबाई म्हणाली. "उलगडू आणि सरकवू." दोन सुट्ट्यांत त्या तिघांनी ते फळीफळीने सोडवून सहा मीटर आत नेलं. नवरा कुरकुरत राहिला आणि प्रत्येक स्क्रू आधीपेक्षा घट्ट बसवत गेला.

दुसऱ्या तपासणीत निरीक्षकांनी मोजमापं पाहिली आणि मग तिलाच समोर बसवून प्रश्न विचारले. शेवटचा होता, "वात पेटली, पण गोळा उडवायच्या नळ्यातून बाहेरच आला नाही. काय कराल?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"अर्धा तास काही करायचं नाही. कुणी पुढे जायचं नाही, मीसुद्धा नाही. मग लांबून पाणी."

त्यांनी टिपून घेतलं. आता उरली प्रत्यक्ष परीक्षा. त्यांच्यासमोर पाच गोळे उडवून दाखवायचे.

त्या दिवशी तिने सकाळपासून खोपट्यात काम केलं. संध्याकाळी वारा पडला होता. नळे कमरेएवढ्या वाळूच्या पेट्यांत रोवलेले, पाण्याचे पाइप पसरलेले. दोरीमागे चौघे उभे होते : नवरा, नणंद, निरीक्षक आणि घोडेवाली. "माझ्या डोळ्यांनी बघणार" असं म्हणून ती आलीच होती. पलीकडे तबेल्यात रेडिओ मोठ्याने लागलेला.

पहिला गोळा फुस्स करून वर गेला आणि कापड झटकल्यासारखा हलकासा आवाज होऊन सोनेरी झाला. धागे लांबत लांबत खाली आले आणि विझले. दुसरा निळा. निळा सर्वांत अवघड, उस्तादांनाही दहातून सातदा जमायचा. तो असा स्वच्छ फुलला की नणंद नकळत "अय्या!" म्हणाली आणि घोडेवालीने आधी तबेल्याकडे कान दिला, मग मान हलवली.

तिसऱ्याची वात जळत नळ्यात गेली. आणि काहीच नाही.

बाइंडरबाईने घड्याळ पाहिलं. "थांबायचं. सगळ्यांनी आहात तिथेच."

एक मिनिट गेलं, दोन गेली. लिफ्ट बंद पडली की आधी जवळ जाऊन बघायचं, ही नवऱ्याची जन्माची सवय. चौथ्या मिनिटाला तो दोरीखालून वाकला. "वातच विझली असेल. लांबूनच बघतो."

"मागे!" ती ओरडली. लग्नाच्या एकवीस वर्षांत चारचौघांत ती त्याच्यावर ओरडली नव्हती. तो जागीच खिळला. "एक पाऊल टाकलंत तर आयुष्यात पुन्हा गोळा बनवणार नाही. मागे या."

तो ओशाळून मागे आला. निरीक्षक हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मध्ये पडले नाहीत.

सातव्या मिनिटाला नळ्यातून एक दबका दणका आला. नळा फाटला, पेटीतली वाळू उसळली आणि हिरव्या ठिणग्यांचा फवारा जमिनीलगत चारी बाजूंना फेकला गेला. दोरीपर्यंत काही पोचलं नाही. नवरा जिथे जाऊन वाकला असता, तिथली माती मात्र काळी पडली होती.

नवरा मटकन खाली बसला. नणंदेने त्याचा हात घट्ट धरला. बाइंडरबाईने पुन्हा घड्याळ पाहिलं. "आता पुन्हा अर्धा तास. मग पाणी."

निरीक्षकांनी विचारलं, "उरलेले दोन? परीक्षा पाचांची आहे."

"आज नाही. पेटी हलली आहे, बाकीचे नळे सरळ आहेत की नाहीत ते मला अंधारात कळणार नाही. भिजवून नष्ट करते. नापास करायचं तर करा."

त्यांनी काही तरी लिहिलं आणि कागदाची घडी घातली. अर्ध्या तासाने तिने पाइप सोडला. सगळं भिजेपर्यंत निरीक्षक तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तबेल्यात गेली. दणक्याने एका घोडीने दाराला लाथ मारून फळी मोडली होती. नवऱ्याने ती बदलून दिली. घोडेवाली म्हणाली, "तो दणका मला नको. पण काल तुम्ही ज्या आवाजात त्यांना मागे बोलावलंत ना, तसा आवाज माझ्या शिकाऊ लोकांपैकी एकाचाही नाही." तिने वर्षभराच्या पत्रावर सही केली.

बनवायचा आणि उडवायचा, दोन्ही परवाने तीन आठवड्यांनी आले. उडवायच्या परवान्यावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'तीन गोळ्यांवर समाधान.'

आता खाणीत महिन्यातून एक शनिवार काम चालतं. शहरातले आणखी चौघे हौशी तिच्या परवान्याखाली रीतसर नोंद करून येतात. आजवर तेही कुठल्या तरी तळघरात किंवा गॅरेजमध्ये चोरून हौस भागवत होते. गेल्या महिन्यात एक दाताचे डॉक्टर पहिल्यांदा आले. हात चोळत, डोळ्यांत चमक, आल्या आल्या विचारते झाले, "पेटवायचं कधी?"

बाइंडरबाईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "शर्ट सुती आहे?"

"नाही बहुतेक."

"मग आज फक्त झाडायचं. खोपट्यात धुळीचा कण राहता कामा नये." तिने कोपऱ्यातला झाडू त्यांच्या हातात दिला. नणंद हजेरीची वही घेऊन दाराशी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "हत्यारांच्या कपाटाखालूनसुद्धा, डॉक्टर."

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या आणि वाकून झाडायला सुरुवात केली.