तोंडात धरलेला श्वास

तान शूयिनच्या प्रत्येक चित्रामागे तिच्या नवऱ्याचा एकेक श्वास होता, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली तरी ते श्वास चालू होते. कोल्हापुरात प्रदर्शनाची चित्रं भिंतीला लागली तेव्हा कलामंडळाचे सचिव सरनाईक यांनी आधी पंखे बंद करायला लावले. पंखे थांबले, चित्रं थांबली नाहीत. कागद फळीपासून हळूच फुगायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि खाली बसायचा, दुपारी लवंडलेल्या माणसाच्या पोटासारखा.

“बाई, ही हालतात कशी ओ?” सरनाईकांनी मांडणीच्या मदतीला आलेल्या हेमलताबाईंना विचारलं. ते बाईंचे शाळेतले विद्यार्थी. बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी त्यांना चित्रकला शिकवली होती आणि ती त्यांना आली नव्हती, म्हणून ते सचिव झाले, असं बाई घरी म्हणायच्या.

शूयिन चीनहून एकटीच आली होती. वयानं बाईंच्याच जोडीची, केस आखूड, पायात कापडी बूट. ती मोबाइलमध्ये बोलायची आणि मोबाइलमधली बाई ते मराठीत सांगायची, एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारतात त्या सुरात. त्या सुरात कळलं ते असं. तिचा नवरा फांग चित्रं फळीवर चढवायचं काम करायचा. ओल्या चित्राच्या चारी कडांना खळ लावायची, चित्र फळीवर बसवायचं, एका कडेला बोटभर जागा मोकळी ठेवायची आणि तिथून आत फुंकर घालायची. मग कागद फळीला चिकटत नाही, ढोलकीसारखा ताठ वाळतो. फुंकर घातली की त्या फटीवर कागदाची एक चिठोरी डकवायची. वाळलेलं चित्र लोक फळीवरून कापून घेतात. फांगनं चढवलेली शेवटची चित्रं शूयिननं कापली नव्हती. फळ्यांसकट ती देशोदेशी नेत होती.

“फट उघडली तर?” बाईंनी विचारलं.

“जवळ जे तोंड असेल त्यात श्वास जातो,” मोबाइल म्हणाला. “एका शहरात असं झालं. एका हमालाच्या तोंडात गेला. तो मला माझ्या घरच्या नावानं हाक मारू लागला. दोन मुलांचा बाप होता. मी तिथून निघून आले.”

चित्रांत ओळखीचं असं काही नव्हतं. काळ्या शाईचे ढग, करडे पट्टे, मध्ये सोडलेली कोरी जागा. सरनाईक म्हणाले, पाऊस असेल. कुणी म्हणालं, डोंगर. बाई फटीवरच्या चिठोऱ्या बघत होत्या.

कारण घरी दिंडे पेंटरांचे श्वास संपत आले होते. दिंडे पेंटर म्हणजे बाईंचे यजमान, बळवंतराव. सिनेमाची मोठी बॅनरं त्यांनी अर्धं आयुष्य रंगवली, टर्पेंटाइन आणि स्प्रे छातीत भरून घेतला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, आहेत तेवढेच, नवीन आता तयार होत नाहीत. बाईंना तो माणूस अजून परांचीवर दिसायचा. नायिकेच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायच्या वेळी तो शीळ घालायचा, आणि खालून शाळेत जाणाऱ्या नव्या मास्तरणीला बरोबर तेव्हाच वर बघावंसं वाटायचं. ठिपका पडला की डोळा जिवंत व्हायचा आणि तिच्याकडे बघायचा. लग्नानंतरही ते तिला मास्तरीणच म्हणत. आता त्यांना तो शब्द एका दमात म्हणता येत नव्हता. ‘मास्त’ म्हणून थांबत, आणि ‘रीण’ पुढच्या श्वासावर ठेवत.

उद्घाटनाला सरनाईकांनी पांढऱ्या शेवंतीचे हार आणले. पाहुण्यांना घालून उरले ते त्यांनी हौसेनं एकेका चित्राला घातले. शूयिन बघत राहिली.

“आमच्याकडे ही फुलं मेलेल्या माणसाला वाहतात,” मोबाइल म्हणाला.

“आमच्याकडे हार मेलेल्याच्याच तसबिरीला असतो,” बाई म्हणाल्या.

“मग बरोबर आहे,” शूयिन म्हणाली, आणि वाकडा झालेला एक हार तिनं सरळ केला.

दालन दुपारी बंद असायचं आणि किल्ली बाईंकडे असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दाराजवळच्या चित्राची चिठोरी नखानं उचलली आणि फटीला तोंड लावलं. श्वास आत आला. तो गार होता, आणि त्याला तांदळाच्या खळीची व तंबाखूची चव होती. बाईंनी ओठ घट्ट मिटले. मागे कागद खाली बसला आणि परत उठला नाही. शाई घरंगळत खालच्या कडेला जमा झाली, चुलीतली काजळी साचावी तशी.

पायऱ्यांवर सरनाईक भेटले. पेपरात बातमी आली नाही, आली तर नाव चुकीचं येईल, चहाचं बिल कलामंडळानं का द्यायचं, असं बरंच बोलले. बाई नाकानं श्वास घेत मान हलवत राहिल्या. “रागावलायसा व्हय माझ्यावर?” त्यांनी विचारलं. बाईंनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे सरनाईकांना कळलं नाही आणि त्यांचं तोंड उतरलं. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर बाईंनी हातानंच दाखवलं. “मौन हाय काय आजी?” तो म्हणाला. “आमच्या घरात पण कुणीतरी धरायला पायजे.”

एवढा संसार झाला, पण दिवसाउजेडी बाईंनी नवऱ्याच्या तोंडाला तोंड कधी लावलं नव्हतं. त्यांनी आधी खिडकी लोटली.

बळवंतराव उठून बसले. “मास्तरीण,” ते एका दमात म्हणाले, “चहा टाक की.”

बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि मग चहा टाकला.

एक श्वास दोन दिवस पुरायचा. तो विरत आला की बाई पुढचा आणायच्या. दुसऱ्या श्वासानंतर बळवंतराव मुठीत खोकायला लागले, आधी कधी असे खोकत नसत. तिसऱ्यानंतर त्यांना चहात साखर नको झाली. चौथ्यानंतर ते पलंगाशेजारच्या भिंतीवर तळवा फिरवत बसायचे, ओल किती आहे ते बघत. बाईंनी औषध दिलं की दोन्ही हातांनी घ्यायचे आणि मान लववायचे, जणू परक्या घरी पाहुणे आहेत. झोपेत मात्र शीळ घालायचे. शीळ तीच होती. बाई ती ऐकण्यासाठी उशाशी बसून राहायच्या.

इकडे दालन लहान होत होतं. भिंतींना त्या श्वासांनीच एकमेकींपासून लांब धरलं होतं, हे आता दिसायला लागलं. एक श्वास गेला की समोरासमोरच्या भिंती पुढे सरकायच्या. सरनाईकांनी आधी मधली बाकं बाहेर काढली, मग खुर्च्या, मग अभिप्रायाचं टेबल. “पाया बसलाय बहुतेक,” ते म्हणाले. “इंजिनिअरला दावायला पायजे.” बघायला येणारे आडवे होऊन आत शिरायचे आणि पाठ घासत बाहेर पडायचे. चांगलं आहे, म्हणायचे.

श्वास गेलेल्या चित्राचा हार शूयिन काढून घ्यायची, एवढंच. एका सकाळी दालनात त्या दोघींपुरतीच जागा उरली होती. गुडघ्याला गुडघा लागत होता. शूयिननं मोबाइल दोघींच्या मध्ये धरला.

“तो कसा आहे?”

“चहा पितात,” बाई म्हणाल्या. “बिनसाखरेचा.”

“पाठीला उशी द्या. डाव्या बाजूनं. त्याला तशी लागते.”

“ते माझे यजमान आहेत.”

“हो,” मोबाइल म्हणाला. “माझेही.”

बाईंच्या डोक्याशी एक चित्र वरखाली होत होतं. तेवढं एकच राहिलं होतं.

“हा शेवटचा दिला तर तो पूर्ण होईल,” शूयिन म्हणाली. “मग विरणार नाही. पुष्कळ वर्षं जगेल. भिंतीवरून हात फिरवेल, मला हाक मारेल.”

“आणि आमचे?”

मोबाइलमधली बाई म्हणाली, “त्यांचा श्वास कागदामागे भरून ठेवा.” “तुमच्याकडे कागद आहे का?” तिनं विचारलं.

बाई घरी गेल्या. माळ्यावर जुन्या पोस्टरांचे गठ्ठे होते, त्यातला एक पाठकोरा कागद काढला. मैद्याची खळ शिजवली, तशीच, जशी लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या बळवंतरावांना शिजवून द्यायच्या, गुठळी होऊ न देता. पलंगाशेजारच्या भिंतीवर कागद डकवला आणि एका कडेला बोटभर जागा सोडली. बळवंतराव कौतुकानं बघत होते. खळ कुठे पातळ झाली आहे ते त्यांनी बोटानं दाखवलं.

“आ-यिन,” ते म्हणाले.

“आ-यिन नाही,” बाई म्हणाल्या. “अहो, फुंका इथं. तळाशी तुमचा एक राहिला असेल. शीळ घालता ना झोपेत, तो.”

त्यांना कळलं नाही. बाईंनी ओठांचा चंबू करून दाखवला. तेव्हा त्यांनी डोळे मिटले, भिंतीकडे तोंड केलं आणि फुंकर घातली. कागद भिंतीपासून सुटला, फुगला, आणि त्याच्यामागे बारीक शीळ वाजायला लागली. नायिकेच्या डोळ्यात ठिपका पडायच्या आधीची.

पण ओल्या खळीनं अजून धरलं नव्हतं, आणि तो कागद शेवटी पोस्टरचाच. वरच्या कोपऱ्यातून तो उसवायला लागला. शीळ खोलीत येऊ लागली. बाई स्टुलावर चढल्या, कोपऱ्याला तोंड लावलं आणि सगळी आत ओढून घेतली. टर्पेंटाइनची चव आली. त्यांनी ओठ मिटले आणि खाली उतरल्या.

दारात शूयिन उभी होती. शेवटचं चित्र तिनं पोटाशी धरलं होतं. फळीवरचा कागद सपाट झाला होता, शाई खाली घरंगळून तिच्या बुटांवर ठिबकत होती. तिचेही ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल जरा फुगले होते.

बळवंतराव पाठीवर पडले होते. तोंड उघडं होतं. फांगचा आधीचा विरला होता, स्वतःचा फुंकून झाला होता; आता त्यांच्यात कुणाचाच श्वास नव्हता, आणि जागा एकाचीच होती.

शूयिननं फळी भिंतीला टेकवली, मोबाइल उशीवर टाकला आणि ती पलंगाच्या एका बाजूला आली, बाई दुसऱ्या बाजूला होत्या. दोघी वाकल्या. दोघींची कपाळं एकमेकींना लागली आणि दोघी तिथेच थांबल्या. मोबाइल उशीवर पडला होता. त्याला कुणी काही सांगत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर सरनाईकांच्या चपला वाजल्या. समारोपासाठी ते दालन उघडायला गेले होते. कुलूप निघालं, दारही उघडलं, पण दारामागे लगेच पलीकडची भिंत होती. मध्ये काही राहिलं नव्हतं. म्हणून ते शूयिनला शोधत इकडे आले होते. त्यांच्या हातात पांढऱ्या शेवंतीचा हार होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

ते उंबऱ्यातच थांबले. त्यांनी उसवलेल्या कागदाकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या फळीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं.

“बाई,” त्यांनी हळू आवाजात विचारलं, “हार कुणाला घालायचा?”

दोघींची तोंडं मिटलेली होती.