दाराला टेकलेला खराटा

मित्रांनो, मी खराटा आहे, जुना आणि निम्म्या काड्या झडलेला. गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही. माझा जन्मच घाण ओरबाडण्यासाठी झाला आहे.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी भूर्जाची झाडं आहेत. त्यांच्या डहाळ्या लेम्पीबाईंनी तोडल्या, गुडघ्याखाली दाबून तारेने आवळल्या, दांडा ठोकला आणि मला पायरीवर आपटून पाहिलं. "टिकेल हा," त्या म्हणाल्या. खरंच टिकलो. पानगळीत पानं लोटली, हिवाळ्यात बर्फ लोटला. "या घरात कामाचा एकच, तो म्हणजे खराटा," असं त्या नवऱ्याला ऐकवून म्हणायच्या. नवरा वेइक्को मिशीतल्या मिशीत हसायचा.

माझं आणखी एक काम होतं. आमच्याकडे घर सोडून जाताना दाराला बाहेरून खराटा टेकवून ठेवतात. खराटा दिसला, की घरात कोणी नाही हे समजायचं आणि मुकाट्याने परत फिरायचं. दार ठोठावायचंही नाही. कुलूप फोडणारा चोरसुद्धा खराट्याचा मान राखतो, असं आमच्या गावात अभिमानाने सांगतात. मीही छाती फुगवून उभा राहायचो. माझ्यावर अख्ख्या गावाचा विश्वास होता.

लेम्पीबाई गेल्या आणि त्या विश्वासाची माती झाली.

बायाबापड्या केक घेऊन यायच्या, कॉफी पीत उसासे टाकायच्या. वेइक्कोला ते सोसवेना. एके दिवशी त्याने मला पुढच्या दाराला टेकवलं, घराला वळसा घातला आणि लाकडांच्या खोपीतून मागच्या दाराने आत जाऊन बसला. माणसं आली, मला बघून परत गेली. त्याला मोठी गंमत वाटली. मग वर्षानुवर्षं हे रोजचंच झालं. आत माणूस जिवंत बसलेला आणि बाहेर मी सांगतोय, घरात कोणी नाही! लोक म्हणायचे, म्हातारा एकटा असला तरी खंबीर आहे. डोंबलाचा खंबीर! रडताना कोणी बघू नये म्हणून लपून बसायचा. आमच्याकडे याला मर्दपणा म्हणतात. मी याला भेकडपणा म्हणतो.

मग ती पानगळीतली सकाळ आली. मला दाराला लावतानाच त्याने दोनदा छाती चोळली. आत गेल्यावर तो कण्हू लागला. दार लाकडी, मला सगळं ऐकू येत होतं. "कालचा मासा बाधला," तो स्वतःशीच म्हणाला. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं दुखत होतं, कळ जबड्यात आणि डाव्या हातात उतरत होती, आणि हा माणूस माशाला शिव्या देत होता!

तेवढ्यात शेतापलीकडची सैमी आली. फडक्यात राय नावाच्या धान्याचा गरम पाव होता. पायरीवर येऊन ती थांबली.

"गेला वाटतं पुन्हा भटकायला!" ती मलाच म्हणाली. "काय रे खराट्या, तुझा मालक घरी असतो तरी कधी? सांग त्याला, सैमी गरम पाव घेऊन आली होती. आता म्हणावं खा शिळा!"

आत कण्हणं एकदम थांबलं. वेइक्कोने श्वास रोखून धरला होता. तेव्हा त्याच्या अंगात हाक मारण्याएवढी ताकद होती. एक हाक पुरली असती. पण इतकी वर्षं गप्प बसायची सवय जडलेली, त्या दिवशीही तो गप्पच बसला. सैमी गेली.

ती फाटकाबाहेर पडली आणि आत खुर्ची कोसळली. "सैमी..." आता त्याने हाक मारली. ती माझ्यापर्यंतसुद्धा जेमतेम पोचली.

बराच वेळ तो जमिनीवरच पडून होता. मग सरपटत खिडकीशी गेला आणि त्याने एकदाचा ११२ ला फोन लावला. फोनमधल्या बाईचा आवाज मोठा होता. "आजोबा, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नाही ना? मग एक गोळी चावून खा. दाराची कडी काढा. भिंतीला टेकून बसा, अजिबात हलू नका. गाडी निघाली आहे. फोन ठेवू नका."

कडी निघाली. दार बाहेर ढकललं गेलं आणि मी धाडकन पायऱ्यांवरून खाली पडलो. आयुष्यात इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं!

सैमीने आपल्या अंगणातून ते पाहिलं. खराटा आपोआप पडत नाही. रबरी बूट फटफटवत ती धावत आली. वेइक्को उंबऱ्यात बसला होता, राखेसारखा.

"तू घरात होतास?"

"होतो."

"मी आले तेव्हासुद्धा?"

त्याने मान डोलावली.

"गाढवा!" ती ओरडली आणि त्याच्या पाठीला आपला खांदा देऊन बसली.

"पाव... रायचा होता का गं?"

"हो. आता तोंड बंद ठेव."

गाडी लांबच्या शहरातून यायची होती. ती आली. वेइक्को वाचला, पण अर्धाच. दुखायला लागलं तेव्हाच फोन करायला हवा होता, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाचा जो भाग मेला, तो मेला.

घरी परतला तेव्हा मला उचलण्याचं बळही त्याच्यात उरलं नव्हतं. पायऱ्या सैमी झाडायची. दार दिवसभर उघडं असे. माणसं येत, कॉफी पीत, लेम्पीबाईंच्या आठवणी काढत. तो त्यांच्यासमोर रडायचा आणि कोणी हसत नसे. हे सुख त्याला इतकी वर्षं फुकट मिळत होतं, मित्रांनो! मला मधे उभं करून त्यानेच ते परत पाठवलं.

छातीवर दाब आला तर माशाला दोष देत बसू नका. फोन करा, दार उघडा, हाक मारा. आणि घरात असाल तर खराटा दाराला लावू नका.

पहिला बर्फ पडायच्या आत वेइक्को गेला. त्याला पुरून आल्यावर सैमीने चूल विझवली, दार ओढून घेतलं आणि मला उचलून दाराला टेकवलं.

"घे," ती म्हणाली, "आता तरी खरं बोल."

तेव्हापासून मी खरं बोलतो आहे.