काटा शून्यावर येईपर्यंत

मित्रांनो, मी चारशे व्होल्ट पोटात बाळगणारा एक म्हातारा पॉवर सप्लाय आहे. जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला अशी चढी वीज लागते. माझ्यासारख्याशी रोज कुणी सुखदुःखाच्या गप्पा मारत असे, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

मालकांनी मला निवडलं, तेव्हा दुकानदार तोंड फाटेस्तोवर माझी स्तुती करत होता. "बघा, व्होल्टचा काटा कसा चढतो!"

"चढतात सगळेच हो," मालक हसले. "बंद केल्यावर किती लवकर उतरतो, ते बघू."

त्यांनी बटण बंद केलं. काटा झरझर शून्यावर आला आणि मी त्यांच्या घरी आलो.

ती परीक्षा उगाच नव्हती. बंद केल्यावरही माझ्या कपॅसिटरांत वीज साठून राहते, ती जीव घेऊ शकते. ती जिरवायला पोटात एक छोटा रेझिस्टर असतो. तो इमानेइतबारे राबला. मालक काम करताना डावा हात खिशात ठेवत, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर वीज एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जाऊ नये. लेकीलाही त्यांनी तीच सवय लावली.

मग मालक आजारी पडले आणि गेले. खोलीला कुलूप लागलं. ओलीने माझा रेझिस्टर केव्हा तुटला, मला कळलंही नाही.

बऱ्याच दिवसांनी मालकांच्या बाई आल्या. त्यांनी मला चालू केलं, बंद केलं. काटा उतरेना. रेंगाळत, अगदी जिवावर आल्यासारखा तो खाली येऊ लागला. बाई खुर्चीत बसल्या.

"अहो, पाय निघत नाही का तुमचा?"

तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी येत. मला चालू करून बंद करत आणि काट्याशी बोलत बसत. गुडघे, शेजारीण, लेकीचा फोन. बोलता बोलता ओल्या फडक्याने मला पुसत. फडकं वीज बाहेर देणाऱ्या लाल टोकापाशी आलं की माझा जीव टांगणीला लागे. ओरडायला मला तोंड नव्हतं.

एकदा लेक आली. तिचं आता ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान होतं. नवा सप्लाय घ्यावा की मलाच न्यावं, हे तिला ठरवायचं होतं. डावा हात खिशात घालून तिने मला चालू केलं, बंद केलं. काटा वरच राहिला. तेवढ्यात बाई फडकं घेऊन पुढे सरसावल्या.

"आई, हात लावू नकोस!"

"अगं, तुझे बाबा आहेत ते. त्यांना जाववत नाही गं."

लेकीने आईचा हात अलगद मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "बाबांनी तुला कधी याच्याजवळ येऊ दिलं होतं?"

"छे! केवढ्यांदा ओरडायचे."

"मग ते इथे असते तर आत्ताही ओरडले असते ना?"

बाईंनी फडकं खाली ठेवलं.

लेकीने साठलेली वीज उतरवली आणि नवा रेझिस्टर बसवला. मग म्हणाली, "आई, आता तू बंद कर."

बाईंनी बटण दाबलं. काटा झरझर शून्यावर आला. त्या शून्याकडे पाहत राहिल्या.

"गेले," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, बंद दिसणाऱ्या यंत्रालाही जपून हात लावा, त्याचा काटा आधी पाहा. आणि काट्याशी बोलत कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर त्यांच्याजवळ जरा बसा. मी आता लेकीच्या दुकानात असतो. माझ्यात काही उरत नाही. तरी संध्याकाळ झाली की मला वाटतं, बाई आता येतील.