धाकट्याचं रक्त

“काल प्यायलास?” सेंगआईने धाकट्या मुलाच्या, बुनलर्टच्या तोंडाजवळ नाक नेऊन विचारलं.

“नाही गं आई. थेंबसुद्धा नाही.”

“मग खा पोटभर. रक्त चांगलं निघायला हवं.” तिने चिकट भात आणि कलेजीचं सूप त्याच्यापुढे सरकवलं.

सून दुआंगजाय जिन्यात बसून होती. तिचं पहिलं बाळ पोटातच सुजून गेलं होतं. आईबाप दोघांच्या रक्तात दोष असला की असं होतं, म्हणून आता दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर दवाखान्याने दोघांचं रक्त तपासायला मागितलं होतं. तिचा नवरा, सेंगआईचा थोरला थोंगखाम, मात्र मासेमारीच्या बोटीवर, भरसमुद्रात.

“नर्सबाई म्हणाल्या, त्यांचंच हवं,” दुआंगजाय म्हणाली.

“दोघं माझ्याच पोटचे. रक्त काय निरनिराळं असणार? थोंगखामचं जुनं ओळखपत्र घरातच आहे, तोंडवळाही एकच. चल गुमान.”

सेंगआईपुढे तोंड उघडायची आम्हा शेजाऱ्यांचीही छाती नव्हती, ही तर सून. शिवाय सासू म्हणते ते खरं असावं, असं तिलाही वाटत होतं.

दुआंगजायच्या रक्तात दोष निघाला, ‘नवऱ्याचं’ साफ. आता घोर नाही, असं नर्सने सांगितलं. सेंगआईने गल्लीला जेवण घातलं. मीही दोनदा भात घेतला.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळ सुजलेलं दिसलं. नर्सने सासूला बाहेर पाठवून दार लावलं.

“तुझ्या नवऱ्याचं रक्त साफ आहे. खरं सांग मुली, मूल कुणाचं?”

दुआंगजाय रडली नाही. तिने उठून दार उघडलं.

“आई, तुम्हीच सांगा यांना.”

गावाला धाकात ठेवणारी ती बाई जमिनीकडे बघत राहिली. “रक्त धाकट्याचं दिलं,” ती म्हणाली. “मीच नेलं त्याला.”

“अहो, वेळेवर कळलं असतं तर तिला तेव्हाच मोकळं करता आलं असतं,” नर्स म्हणाली. “आता हिच्याही जिवाला धोका आहे.”

दुआंगजाय वाचली. थोंगखाम बोटीवरून थेट दवाखान्यात आला, तोवर बाळाला मंदिरामागे पुरलं होतं. तो आधी बायकोच्या खाटेशी गेला. मग नर्सच्या टेबलापाशी जाऊन बसला, बाही वर सारली आणि हात पुढे केला.

“माझं घ्या,” तो म्हणाला.

गेलेल्या बाळाला आता त्याचा काही उपयोग नव्हता. तरी नर्सने नवी सुई काढली.