खालची हद्द

घरात त्याला पंडित म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात असा समज फक्त त्याचाच होता. धंदा आवाजाचा. माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, त्यातून पिच काढायची, म्हणजे आवाज कुठे चढला, कुठे उतरला याची रेघ काढायची, आणि ती यंत्राला शिकवायची. मग यंत्र त्या माणसासारखं बोलू लागतं. आता अशा माणसाच्या टेबलावर सगळ्यात आधी काय असावं? हेडफोन. पंडितच्या टेबलावर तो नव्हता. स्पीकरची वायरसुद्धा त्याने काढून खणात टाकली होती.

"ऐकतात ते शिकाऊ," तो म्हणायचा. "मी आवाज बघतो."

हेडफोन लावून बसणाऱ्या सहकाऱ्यांना तो काडीची किंमत देत नसे. चहाचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहायचा, "काय, गाणी चाललीत का?" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. बोलणाऱ्या माणसांबद्दल तर विचारूच नका. कुणी खोकलं, कुणी मध्येच हसलं, कुणाचा आवाज वाक्याच्या शेवटी घोगरा झाला, की पंडितच्या लेखी तो सगळा कचरा. रेघ तुटली की काप, रेघ उडाली की काप. कापून झालं की मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकायचा, अडगळ नको म्हणून. स्वच्छतेचा एवढा सोस त्याने स्वतःच्या मोज्यांच्या बाबतीत दाखवला असता तर ऑफिसने त्याला दुवा दिला असता.

आणि मग ताईच्या घशात गाठ निघाली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल. ताईचा आवाज ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती. जाडसर, भारदस्त, फोनवर अनोळखी लोक तिला साहेब म्हणायचे. ती ओरडायची मात्र कधीच नाही. तिचा नवरा आणि मुलगी, दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे भांडखोर. त्यांचं जुंपलं की ताई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणायची, "आता पुरे." 'पुरे'वर तिचा आवाज खाली उतरून टेकायचा आणि मग ब्र काढायची कुणाची छाती व्हायची नाही. ते घर चाललं होतं ते या दोन शब्दांवर.

"माझा आवाज ठेवून घे रे," ताई म्हणाली. "जमेल ना तुला?"

"ताई, असली कामं मी झोपेत करतो," पंडित म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी ताईने दुखऱ्या घशाने ढीगभर वाक्यं वाचून दिली. थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा वाचायची. पंडितने पिच काढायला घेतली. सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं की आवाज कितीच्या खाली जाणार नाही आणि कितीच्या वर जाणार नाही. पंडितने नेहमीप्रमाणे बाईचा आवाज म्हणून ठरलेली हद्द निवडली आणि मोकळा झाला. ताई मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या हद्दीच्याही खाली उतरायची. तिथे सॉफ्टवेअर गोंधळायचं. रेघ तुटायची, नाहीतर एकदम दुप्पट उंचीवर उडायची. खणातली वायर काढून एकदा ऐकलं असतं तर कळलं असतं की आवाज ठणठणीत आहे, हद्दच चुकली आहे. पण ऐकतात ते शिकाऊ. या दीडशहाण्याने एकेका वाक्याचं शेपूट छाटलं, रेघा कशा सुतासारख्या सरळ आल्या म्हणून स्वतःवर खूश झाला आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

ऑपरेशन झालं. ताई वाचली. ती घरी आली आणि जरा सावरली, तसा पंडित टॅब्लेट घेऊन हजर झाला. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. ताईने टाइप केलं आणि टॅब्लेट बोलला, "बसा सगळे."

आवाज ताईचाच होता. भाऊजींचे डोळे भरून आले. पंडितने छाती पुढे काढून सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. ताईच्या कपाळावर मात्र आठी पडली.

जेवताना विषय निघाला तो लेकीच्या नोकरीचा. तिला दुसऱ्या शहरात जायचं होतं, बापाला ते पसंत नव्हतं.

"आईची ही अवस्था, आणि तू निघालीस," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही आहात ना घरात, बाबा. का फक्त सोफ्यावर बसण्यापुरते आहात?"

झालं, जुंपली. ताईने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"आता पुरे," टॅब्लेट म्हणाला. पण 'पुरे' खाली उतरलंच नाही. उतरायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ते वरच्या वर लोंबकळत राहिलं, जणू ताई परवानगी मागत होती.

"अगं थांब, एवढं बोलू दे मला," भाऊजी तिच्याकडे न बघताच म्हणाले आणि पुन्हा लेकीकडे वळले.

सबंध संसारात त्या दोन शब्दांवर कुणी उलटून बोललं नव्हतं. ताईने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दर वेळी तीच अजिजी. शेवटी लेकच बोलायची थांबली.

"मामा, हे असं का बोलतंय?" ती म्हणाली. "आईचं वाक्य संपतच नाही."

पंडितने टॅब्लेट ओढून घेतला, रेघा उघडल्या, आणि अक्कल आली ती आता आली. सगळ्याच रेघा ऐन उताराच्या तोंडाशी कापलेल्या.

"हद्द चुकलीय," तो पुटपुटला. "मूळ रेकॉर्डिंगवरून रेघा पुन्हा काढल्या की होईल."

"मग काढ ना," भाऊजी म्हणाले.

"नाहीये ते."

"नाहीये म्हणजे?"

"मी पुसलं."

ताईने टॅब्लेट आपल्याकडे घेतला. सावकाश, एकेक अक्षर बघून टाइप केलं आणि बटण दाबलं.

"पंडित, तू माझा आवाज एकदा तरी ऐकला होतास का?"

प्रश्नच होता तो. शेवटी आवाज वर राहायला हवा होता, तसा राहिला. त्या दिवशी यंत्राने तेवढं एकच वाक्य अगदी ताईसारखं म्हटलं.